दोन बोटं माया

माप घेताना माणसाला उभं करायचं, हात सैल सोडायला सांगायचे आणि श्वास रोखू द्यायचा नाही. सोळाव्या वर्षापासून मी हेच करत आलो. माझा घात झाला तो याच सवयीने.

चाळीस वर्षं मी पुरुषांचे सूट शिवतोय. माझ्या हातचा कोट घालून माणूस उभा राहिला की पाठीवर सुरकुती शोधून सापडत नाही. याचा मला गर्व होता आणि तो मी कधी लपवला नाही. ढगळ कपडा दिसला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. रस्त्याने चाललेल्या अनोळखी माणसांना थांबवून "खांद्यात इंचभर जास्त आहे तुमच्या" असं सांगितलंय मी, आणि त्याबद्दल दोनदा शिव्याही खाल्ल्यात.

अशा माणसाच्या पोटी शर्यतीत गाड्या पळवणारी मुलगी आली. तिला साधं बटण लावता येत नाही. सुई हातात दिली तर आधी बोटात टोचून घेईल आणि मग दोरा शोधेल. पण गाडीत काय बिघडलंय ते दहा पावलांवरून नुसता आवाज ऐकून ओळखते. आठ वर्षं ती शर्यतीत उतरत होती आणि आठ वर्षांत मी एकदाही बघायला गेलो नाही. तिची आई जायची. मी म्हणायचो, "गोल गोल फिरायचं आणि निघालो तिथेच परत यायचं, यात काय बघायचंय?" खरं म्हणजे मला भीती वाटायची. भीती वाटते असं म्हणायला जीभ वळत नव्हती, म्हणून नाक मुरडायचो.

गेल्या वर्षी एका मोठ्या संघाचा व्यवस्थापक तिच्यामागे लागला होता. मोसम नीट पार पाडलास तर पुढच्या वर्षी आमची गाडी तुझी, असं त्याने कबूल केलं होतं. "हे एकच वर्ष आहे, बाबा," ती म्हणाली. "यानंतर वयात बसणार नाही मी." तिच्या जुन्या आगरोधक सुटाची मुदत संपली होती, नवा घ्यायला हवा होता. आणि ती मला म्हणाली, "तुम्ही चला ना. कापडातलं तुम्हाला कळतं."

मला मनातून उकळ्या फुटल्या, पण "बघू, दुकानात काम आहे" असं म्हणून मी थोडा भाव खाल्ला आणि मग गेलो.

तो सूटवाला स्वतः पूर्वीचा ड्रायव्हर. दुकानाच्या कोपऱ्यात त्याने शर्यतीच्या गाडीची खरी सीट जमिनीला ठोकून बसवली होती, समोर स्टिअरिंग, खाली पेडल. पहिला सूट तिने घातला आणि मी खुर्चीतून उठलोच. खांदा, कंबर, बाही, सगळं जिथल्या तिथे.

"हाच!" मी म्हणालो.

"थांबा हो," म्हणत ती त्या सीटमध्ये जाऊन बसली. हात पुढे केले तर बाही मनगटावरून वर सरकली आणि पाठ ताणली. "खांद्याला ओढतोय. मांडीतही काचतोय."

दुसऱ्या सुटाच्या पाठीला ताणणाऱ्या विणीची पट्टी होती, पण तो मानेला काचत होता. तिसरा घालून ती आरशासमोर उभी राहिली, तेव्हा मला हसूच आलं. काखेपासून कमरेपर्यंत नुसता झोळ. मग ती सीटवर बसली, स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवलं, उजवीकडे फिरवलं, पेडल दाबलं आणि डोळे मिटून तशीच बसून राहिली.

"हा द्या," ती म्हणाली. "यात दोन तास काढता येतील."

"पोत्यात भरल्यासारखी दिसतेस," मी म्हणालो.

सूटवाला हसला. "साहेब, तुमचा सूट उभ्या माणसाचा. हा बसलेल्या माणसाचा. आणि झोळ नाहीये तो. आत तीन थर आहेत, त्यांच्यामध्ये हवा राहायला हवी. कापडाइतकीच ती हवा वाचवते. अंगाला घट्ट बसला, की आच सरळ आत." मग शिवताना घालायच्या अंगुस्तानाचा माझ्या बोटावर पडलेला वळ बघत म्हणाला, "आणि घरी याला टाका घालायचा नाही हं. याचा दोरासुद्धा वेगळा असतो."

मी मान डोलावली. चाळीस वर्षं कापड कापणाऱ्याला हा गाड्यावाला कापड शिकवतोय, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सूट घरी आला आणि तिच्या खोलीच्या दारामागे लटकला. येताजाता मला दिसायचा. ज्या शर्यतीला तो व्यवस्थापक येणार होता, ती पुढच्या आठवड्यात होती. फोटो निघणार, चार लोक बघणार आणि शिंप्याची मुलगी अशी गबाळी उभी राहणार? रविवारी दुपारी ती गॅरेजमध्ये गेली होती, तिची आई बहिणीकडे गेली होती, आणि माझे हात शिवशिवायला लागले. मी सूट काढला, दुकानात नेला आणि दोन्ही बाजूंच्या शिवणी काखेपासून कमरेपर्यंत उसवल्या.

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. उद्या माणूस अंगाने भरला तर उसवून कपडा सैल करता यावा, म्हणून ती ठेवायची. कोटात मी कायम दोन बोटं माया ठेवतो. पण या सुटाचं कापड जाड, तीन थरांचं. आत घेतलेलं तसंच ठेवलं असतं तर फुगवटा आला असता, म्हणून मी ते कापून टाकलं. मुलीच्या मायेपोटी तिच्या कपड्यातली माया कापली. शिवण घातली ती माझ्या नेहमीच्या दोऱ्याने. पक्का, गुळगुळीत, ओढून तुटत नाही असा. बाहेरून बघणाऱ्याला काही केल्याचा पत्ता लागला नसता.

शर्यतीच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. तिने सूट चढवला, चेन ओढली आणि थबकली. दोन्ही हात बाजूंवरून फिरवले.

"बाबा, तुम्ही केलंत हे?"

"मग काय, तो गाड्यावाला करणार?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. "छान झालाय," म्हणाली आणि माझ्या खांद्यावर हात टाकून तिने आईला फोटो काढायला लावला. तिचा इतका सुंदर फोटो आमच्या घरात दुसरा नाही. गाडीत बसल्यावर तिने दोनदा खांदा उडवला, ते मी पाहिलं. मला वाटलं, पट्टा टोचत असेल.

सातव्या फेरीत मागची गाडी तिच्यावर आदळली. पेट्रोल सांडलं आणि भडका उडाला. ती स्वतःच्या पायांनी बाहेर आली, तोवर आग विझवणारी माणसंही पोचली होती. सगळं मिळून पंधरा-वीस सेकंद झाले असतील. मी जाळीला धरून उभा होतो.

तिचा चेहरा वाचला, हात वाचले, पाय वाचले. भाजलं ते फक्त दोन्ही कुशींत, काखेपासून कमरेपर्यंत. डॉक्टर म्हणाले, "इतकं सरळ रेषेत भाजलेलं मी कधी पाहिलं नव्हतं." मला रेघ ओळखायला वेळ लागला नाही. मीच मारली होती ती, खडूने, पट्टी धरून.

तिसऱ्या दिवशी शर्यतीचे तपासनीस दवाखान्यात आले. सोबत सूटवाला होता, त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तपासनीसांनी पिशवीतून सूट काढून पलंगाच्या कडेवर पसरला.

"बाकी सूट शाबूत आहे," ते म्हणाले. "या दोन शिवणींचा दोरा वितळला आणि त्या उघडल्या. हा कंपनीचा दोरा नाही. आतलं कापडही कापलंय. यांनी असाच विकला असेल तर यांचं दुकान बंद होईल. कोणी केलंय हे?"

मला बोलायचं होतं. पण माझ्या मनात काय आलं तेही सांगतो, लाज वाटते तरी सांगतो. माझ्या दुकानाची पाटी आली. शिंप्याने स्वतःच्या मुलीला जाळलं, असं लोक म्हणतील, हे आलं. चाळीस वर्षांचं नाव आलं. मुलगी समोर पट्ट्यांत गुंडाळून पडलेली असताना मला हे सुचलं.

"मी," ती म्हणाली. "माझं मीच केलं. मला तो ढगळ वाटत होता."

तपासनीसांनी लिहून घेतलं. ड्रायव्हरने स्वतः सुटाला कात्री लावली तर पूर्ण मोसम बाद, असा नियम त्यांनी वाचून दाखवला आणि ते गेले. सूटवाला दारात क्षणभर थांबला, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेला.

तिची आई औषधं आणायला खाली गेली तेव्हा मी विचारलं, "घट्ट होतोय हे कळलं नव्हतं तुला?"

"गाडीत बसताक्षणीच कळलं होतं."

"मग काढला का नाहीस? दुसऱ्या कोणाचा मागून घ्यायचास."

"तुम्ही पहिल्यांदाच आला होतात, बाबा," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

तीन महिन्यांनी सूटवाला माझ्या दुकानात आला. टेबलावर पडलेल्या कोटाची शिवण त्याने अंगठ्याने चाचपली. "अशी शिवण या गावात दुसरं कोण घालतं, मला कळत नाही होय?" म्हणाला. "पोरीने माझं दुकान वाचवलं, म्हणून मी तोंड उघडलं नाही. पण एक सांगतो. तिच्या नकळत दुसऱ्याने केलं असं कोणी सांगितलं असतं, तर तिला नुसती ताकीद मिळाली असती. बरी होऊन मोसमाच्या शेवटच्या दोन शर्यतींना उतरली असती ती. व्यवस्थापक थांबायला तयार होता."

दुसऱ्याच दिवशी मी तपासनीसांच्या कचेरीत गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कागदावर माझी सही घेतली. "शेवटची शर्यत गेल्या आठवड्यात झाली," ते म्हणाले. "हे त्याच दिवशी सांगायचं होतंत हो." त्या संघाने दुसऱ्याच मुलाला घेतलं होतं.

तिथून मी तसाच गॅरेजमध्ये गेलो. ती एका गाडीखाली होती, फक्त बूट दिसत होते. उभ्या उभ्याच मी बुटांना सगळं सांगून टाकलं. सूटवाला काय म्हणाला, तपासनीस काय म्हणाले. आणि शेवटी, का कोण जाणे, माझ्यातला लबाड जागा झाला.

"मी बोलणारच होतो गं," मी म्हणालो. "पण तू इतक्या पटकन 'मी' म्हणालीस, की मला संधीच मिळाली नाही."

हत्यारांचा आवाज थांबला. ती सरकत बाहेर आली, अजून दुखत असावं, कारण उठताना तिने कुशीला हात लावला. फडक्याला बोटं पुसत ती बोलली, आणि आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"पटकन नाही म्हणाले मी, बाबा. त्यांनी विचारलं, तेव्हा आधी मी तुमच्याकडे बघितलं होतं. बराच वेळ बघत होते."

तेव्हा मी कुठे बघत होतो, ते मला पक्कं आठवतं. मी खाली, फरशीकडे बघत होतो.