पालखीच्या दिवशी परीक्षा

मार्चअखेर आणि शिमगा हातात हात घालून येतात, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पुण्यात बसून तारखा लावणाऱ्यांना नसतं. म्हणून आमची परीक्षा अठ्ठावीस मार्चला लागली आणि त्याच दुपारी ग्रामदेवीची पालखी आमच्या घरी यायची होती.

आमची म्हणजे माझी आणि माझ्या थोरल्या जावेची, नम्रतावैनीची. मी शमिका, धाकटी. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीतून आम्ही दोघी हातखंब्याच्या केंद्रात आजाऱ्यांची शुश्रूषा शिकायला जायचो. वैनीने नववीत शाळा सोडलेली, मी दहावी नापास. सरकारची ही योजना अशाच बायकांसाठी होती. केंद्र चालवणाऱ्या राहीमॅडमनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं, "सगळं एकदम शिकायला नको. एक भाग पुरा केला की त्याचे क्रेडिट तुमच्या नावावर जमा होतात. लावणी आली, थांबा. कापणी झाली की पुढचा भाग घ्या. जमा झालेलं कुठे जात नाही." मला हे फार आवडलं. लग्न झाल्यापासून माझ्या नावावर जमा झालेली ती पहिलीच गोष्ट होती.

वैनीचा हा शेवटचा भाग. तो झाला की प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र मिळालं की रत्नागिरीतल्या एका दवाखान्यात नोकरी. तिथल्या मेट्रनबाईंनी तसा शब्द दिला होता. मी मधे आजारी पडले होते, त्यामुळे या परीक्षेनंतरही माझे दोन भाग उरणार होते.

नोकरी वैनीला हवीच होती. तिचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर निलेशदादा, मुंबईला होते. त्यांची कंपनी दिवाळीत बंद पडली. शिमग्याला ते आले ते सगळं सामान घेऊनच, पण वाडीत कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. विचारलं की सांगायचे, यंदा साहेबाने रजा भरपूर दिली. माझ्या नवऱ्याला खरोखरची नोकरी होती, त्यामुळे त्याला रजा मिळाली नाही.

पालखी दारी आली की देवीची ओटी भरायची ती घरच्या सवाष्णीने. सासूबाईंना, भागूबाईंना, वैधव्य येऊन सहा-सात वर्षं झालेली. म्हणजे उरलो आम्ही दोघी. त्यात भांडण्यासारखं काही नव्हतं. वैनीने परीक्षेला जायचं, मी घरी थांबून ओटी भरायची. माझा हा भाग पुढे कधी तरी देता आला असता.

पण आदल्या संध्याकाळी राहीमॅडमचा फोन आला. परीक्षेला दहाजणी नसतील तर पुण्याचे परीक्षक परीक्षा घेणारच नव्हते. परीक्षा झाली नाही की मंजूर झालेला पैसा एकतीस तारखेला परत जाणार.

"शिमग्यापायी एकेक गळत गेली," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही दोघी धरून आता कशाबशा दहा आहेत. तारीख बदला म्हणून मी हातापाया पडले हो, शमिकाताई. ते म्हणतात, शिमगा म्हणजे होळीच ना? ती तर झाली."

मला हसूच आलं. दुसरं करणार काय?

निलेशदादा लगेच सदूआबांकडे गेले. सदूआबा आमचे गावकार, पालखीबरोबर पुढे चालण्याचा मान त्यांचा. पालखी सकाळी लवकर आणता येईल का, एवढंच विचारायचं होतं.

"पालखी म्हंजे काय एश्टी हाय, येळ बदलायला?" आबांनी विचारलं म्हणे. "वाडवडलांपासून ज्या घरामागून ज्या घराचा मान, तसाच चालनार."

दादा परत आले ते तापूनच. अपमान झाला की त्यांना घरातल्या बायका आठवतात. "कुनी कुटं जायाचा नाय," ते ओट्यावरूनच म्हणाले. "पुढल्या साली द्या काय ती परीक्षा."

"पुढल्या सालापत्तुर खायाचा काय?" वैनी म्हणाली.

दादांपुढे मान वर करून बोलताना मी तिला प्रथमच पाहिलं. त्यांचा चेहरा पार उतरला. मला त्यांची दया आली, आणि चीडही आली.

सासूबाई सुपात ओटीचे तांदूळ निवडत होत्या. सुपातून नजर न काढता त्या म्हणाल्या, "दोगी जावा गो. ओटी मी भरतंय."

"आये, तू?" दादा खालच्या आवाजात म्हणाले. "लोकं काय म्हनतील?"

"तुजा जनम नव्हता तवापासून मी या दारात ओटी भरलंय. तुजा बापूस गेला म्हनून देवी मना वळकत नाय काय?"

दादा उठून मागच्या दारी गेले. सकाळी आम्ही निघालो तेव्हा सासूबाईंनी धुतलेलं लुगडं नेसून अंगण सारवायला घेतलं होतं.

केंद्रात मी खाटेवर रुग्ण होऊन पडले आणि वैनीने माझी कूस बदलायची होती. एरवी तिचे हात इतके सराईत, की खरा आजारी झोपून जाईल. पण नेमका तेव्हाच लांब कुठल्याशा वाडीत ढोल वाजायला लागला. तिने मला घाईने, ओढूनच वळवायला घेतलं. "हळूच, वैनी," मी पुटपुटले. तिने श्वास घेतला, मला अलगद वळवलं, पाठीशी उशी सरकवली. परीक्षकांनी मान हलवली. दोघी पास झालो. वैनी पडवीत जाऊन मेट्रनबाईंना फोन लावायला लागली.

राहीमॅडमनी मला बाजूला घेतलं. पुढच्या वर्षीचा पैसा आलाच नव्हता. केंद्र मे महिन्यात बंद होणार होतं.

"तुमचे क्रेडिट मात्र नावावर राहतील," त्या म्हणाल्या.

"राहून काय करू? उरलेलं शिकवणार कोण मला?"

"कोल्हापूरला एक केंद्र आहे."

मला इतका संताप आला, की चार खरमरीत शब्द तोंडाशी आले. मग लक्षात आलं, केंद्राबरोबर मॅडमचीही नोकरी चालली आहे. मी ते शब्द गिळून टाकले. वैनीला काही सांगितलं नाही. तिला त्या दिवशी आनंद मिळायला हवा होता.

घरी पोचलो तर अंगणात गुलाल पडलेला. पालखी येऊन गेली होती. ढोल आता वरच्या घरी वाजत होता. दादा पायरीवर बसले होते.

"झाली ओटी?" वैनीने विचारलं.

दादांनी तुटक तुटक सांगितलं. आई सूप घेऊन दारात उभी राहिली. सदूआबांनी हात वर करून ढोल थांबवला आणि विचारलं, सवाशीन कुटं हाय? आई म्हणाली, मी हाय. नियमाला आमचा इलाज नाय, भागूबाय, असं म्हणून आबांनी पालखी तशीच वळवली.

"आणि तुम्ही?" मी विचारलं. थोरल्या दिराशी असं बोलायची रीत नाही.

"मी नारळ दिला," दादा म्हणाले. "पालखीत ठेवायला."

आत सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर सूप जसंच्या तसं. तांदूळ, खण, हळकुंड, ओटीचा नारळ.

"पास झालाव?" त्यांनी विचारलं.

"व्हय, आई," वैनी म्हणाली.

"आनि तू गो?"

"मी पन," मी म्हणाले. माझ्या उरलेल्या भागांचं काय झालं ते सांगायची छातीच झाली नाही.

"मंग बास झाला."

त्या रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. वैनी हातपाय धुऊन आली, त्यांच्यासमोर बसली आणि तिने सूप स्वतःच्या मांडीवर घेतलं.

"आई, पदर पसरा."

"खुळी झालीस काय गो?"

"पसरा."

सासूबाईंनी दाराकडे पाहिलं. पाखाडीच्या दगडी वाटेवरून माणसं वरच्या घरी पालखीला जात होती आणि जाता जाता आमच्या घरात डोकावत होती. दादा उठले आणि दार लोटायला लागले.

"उगडाच ऱ्हाव दे," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पदर पसरला.