उंबऱ्यावरची फुली

या, जवळ सरका. आज पुराणातली नाही, आपल्या लखनौतली गोष्ट सांगतो. सांगणारा मी मधुसूदन, बँकेतून निवृत्त झालेला, कीर्तनवेडा. गोष्टीतला अपराधीही मीच.

शहराच्या टोकाला, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीच्याही पुढे माझ्या मुलानं, वेदांतनं, नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. वास्तुशांत अक्षय्य तृतीयेला ठरली. संध्याकाळच्या कीर्तनाला नाशिकहून बुवा यायचे होते. त्याआधी घर पाहायला मी माझ्या मित्राला, दयारामला बोलावलं. दयाराम मूळचा नागपूरचा, इथल्याच सरकारी बांधकाम खात्यात जन्मभर इमारतींची तपासणी केलेला. दारातून "जयभीम" म्हणत यायचा आणि माझ्या घरच्या प्रत्येक कीर्तनात मागच्या रांगेत बसायचा. "देव तुमचा, तबला माझा; मी ठेका ऐकायला येतो," म्हणायचा.

त्यानं नळ सोडून पाहिले, फरश्या वाजवल्या. बाल्कनीत मात्र गुडघे टेकून बसला. भिंतीलगत केसाएवढी आडवी फट गेली होती.

"मधुभाऊ, अशा बाहेर निघालेल्या स्लॅबची सळई वरच्या अंगाला लागते. इथं ती खाली दबलेली असावी. टेकू देऊन, खोदून पाहिल्याशिवाय इथं कोणी पाय ठेवायचा नाही."

बिल्डरचा माणूस हसला. "अरे अंकल, प्लास्टर का क्रैक है. पुट्टी मार देंगे."

दयारामनं पिशवीतून सुतळी काढली. बाल्कनीच्या दाराला आडवी सुतळी बांधली आणि उंबऱ्यावर खडूनं मोठी फुली मारली.

"पापा, तारीख आगे कर लेते हैं," वेदांत म्हणाला.

"अरे, बुवांचं तिकीट निघालंय! असा मुहूर्त कोणी सोडतं का? देव सांभाळेल."

"देव कीर्तन ऐकायला येईल हो," दयाराम म्हणाला, "त्याला टेकू धरायला कशाला उभं करता?"

मी हसण्यावारी नेलं.

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी उंबऱ्यावर फुली अशुभ दिसते म्हणून मीच ती ओल्या फडक्यानं पुसली. बायकोनं, मधुमतीनं, तिथं रांगोळी काढली. सुतळी सोडून मी झेंडूची माळ लावली.

इंदिरा नगर, आलमबागची मंडळी आली, हॉल भरला. उरलेल्या बायका, मुलं बाल्कनीत बसली. मी ते पाहिलं. खोटं कशाला बोलू? पाहिलं, आणि टाळ वाजवत राहिलो.

दयाराम उशिरा आला. दारातूनच त्यानं बाल्कनी पाहिली आणि सरळ तिकडे गेला. कोणी घाबरू नये म्हणून हसत म्हणाला, "चला ताई, आत पंखा आहे. ए छोटू, तू पण चल." एकेकाला हात देऊन आत घेतलं. शेवटी एका आजींना गुडघ्यांमुळे उठवेना. त्यांना उचलून त्यानं आत लोटलं, तेव्हा त्याचे स्वतःचे पाय अजून बाहेर होते.

बुवा गात होते. आवाज झाला तेव्हा मला वाटलं, खाली आचाऱ्याची भांडी पडली.

बाल्कनी कोसळली होती. दयाराम गेला.

चौथ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं, कमलावहिनींनी पाणी दिलं. म्हणाल्या, "निघायला उशीर झाला म्हणून मी घाई करत होते. तर म्हणाले, सुतळी बांधलीय, मधुभाऊ काही सोडायचे नाहीत."

मी सांगितलं, फुलीसुद्धा मीच पुसली. त्या उठल्या. रिकामा पेला उचलून आत गेल्या, आणि पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

तर मंडळी, हरीचं नाव रोज घ्या, मीही घेतो. पण बाल्कनीतून आत आलेली ती अकरा माणसं आज हिंडती-फिरती आहेत, आणि त्यांतल्या निम्म्यांना आपल्याला आत ओढणारा कोण होता तेही ठाऊक नाही. तुम्ही तरी लक्षात ठेवा. त्याचं नाव दयाराम.