चार दिवस पोटात ठेवलेलं पत्र

मी टेटुआनच्या हस्तकला विद्यालयातला मेल सर्व्हर बोलतोय. बोलतोय कसला, कबुली देतोय. एरवी माझं काम दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवण्याचं. स्वतःचं तोंड उघडायची ही पहिलीच वेळ, आणि तीही गुन्हा अंगाशी आल्यावर.

दिसायला मी काळ्या पत्र्याचा डबा. माझा जन्म कुठला ते विचारू नका, पाठीवरची चिठ्ठी कधीच पुसून गेली. कळायला लागलं तेव्हा मी कासाब्लांकाच्या एका विमा कचेरीत होतो. तिथे म्हातारा ठरलो आणि या विद्यालयाला दान दिला गेलो. शेवटचा टप्पा गाढवाच्या पाठीवरून झाला, कारण आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही. त्या गाढवाने मला एकदाही आपटलं नाही. आपटाआपटी पुढे माणसांनी केली.

इथे मला कचेरीच्या कोपऱ्यात, खडूंच्या खोक्यांशेजारी जागा मिळाली. माझी पाठ कायम ऊबदार, म्हणून हिवाळ्यात सगळे चहाचे पेले माझ्यावर ठेवायचे. कामात मात्र मी कमी नव्हतो. एका वर्षात मी इतकी पत्रं वाहिली, की ती छापून रचली असती तर ढीग गावामागच्या दर्सा डोंगराच्याही वर गेला असता आणि खालचे लोक म्हणाले असते, आज शिखरावर बर्फ पडलंय. तीन लग्नं माझ्यातून जमली. एक मोडलं, पण त्यात माझा हात नाही.

ज्यात हात आहे, ते आता सांगतो.

आमचे कारभारी सी अब्देस्लाम; 'सी' म्हणजे आपलं 'श्री'. माणूस सरळ, पण घड्याळाच्या बाबतीत हट्टी. आमच्याकडे रमजान आला की सगळा देश काटे एक तास मागे घेतो आणि ईद झाली की पुन्हा पुढे नेतो. इमारतीत अकरा घड्याळं आहेत. वर्षातून दोनदा सी अब्देस्लाम स्टूल घेऊन निघतात आणि अकराच्या अकरा स्वतःच्या हाताने लावतात. दुसऱ्या कुणी काट्याला बोट लावलं तर दोन दिवस त्याच्याशी बोलत नाहीत.

माझ्या छातीतही एक छोटं घड्याळ आहे, बटणाएवढ्या बॅटरीवर चालणारं. मी बंद असलो तरी ते टिकटिकत असतं. गावाने काटे पुढे घ्यावेत की मागे, ते त्याच्या गावीही नसतं. बारा महिने ते एकच वेळ धरून असतं आणि त्यावरून गावात किती वाजले ते मी ठरवतो. वर्षातले अकरा महिने ते गावापेक्षा तासभर मागेच दिसतं, आणि तसंच दिसायला हवं.

रमजानच्या आदल्या शनिवारी सकाळी वायरमनने तार बदलायला वीज बंद केली. काम झाल्यावर सी अब्देस्लामनी माझं बटण दाबलं आणि काळ्या पडद्याकडे डोळे बारीक करून बघितलं. छोट्या घड्याळात नऊ वाजले होते. त्यांच्या मनगटावर दहा.

"अगं बघ, बघ नझीहा!" ते कचेरीतल्या बाईंना म्हणाले. "काटे उद्या पहाटे मागे जायचेत, हा शहाणा आजच गेला! रमजानची एवढी घाई तर इमामांनाही नसते."

"राहू द्या ना, सी अब्देस्लाम. बुधवारी घिझलान येईल, तिला दाखवू."

घिझलान ही यंत्रं दुरुस्त करणारी मुलगी. पाच शाळा सांभाळते, आमचा वार बुधवार.

"घड्याळ लावायला पोरीला बोलावू? तीस वर्षं काय मी या इमारतीत माश्या मारल्या?" आणि त्यांनी माझं छोटं घड्याळ एक तास पुढे सारलं.

आता माझ्या पोटातलं गणित ऐका. माझ्या आत एक टपालवाला राहतो. आलेली पत्रं ज्याची त्याला वाचायला द्यायची, हे त्याचं काम. मी जागा झालो की तो छोट्या घड्याळात बघतो आणि खिडकी उघडतो. त्या दिवशीही उघडली. मिनिटाभरात, सवयीप्रमाणे, मी बाहेरच्या जगाला खरी वेळ विचारली. जग म्हणालं, तू तासभर पुढे धावतोयस, मागे ये. मी आलो.

टपालवाल्याची मात्र पाचावर धारण बसली. वेळ उलटी चाललीय म्हटल्यावर आधीचं पत्र कुठलं, नंतरचं कुठलं, काहीतरी गडबड होणार! त्याने रोजनिशीत एक ओळ खरडली आणि खिडकी बंद करून आतून कडी लावली. पत्रं घेणारा दुसरा गडी पुढच्या दाराशी होता, त्याला याचा पत्ताच नाही. तो येईल ते पत्र घेऊन आत टाकत राहिला. म्हणजे मी खात होतो, पण देत काहीच नव्हतो.

त्याच दुपारी ते पत्र आलं.

पत्र होतं मालेम अहमीदोचं. मालेम म्हणजे आमचे उस्ताद. चकचकीत फरशीचे नखाएवढे तुकडे हातोडीने पाडायचे आणि ते जुळवून भिंतीवर तारे उगवायचे, ही त्यांची कला. समुद्रापलीकडे मालागा शहरात एका संग्रहालयाच्या अंगणात एक कारंजं आहे. ते त्यांच्या आजोबांनी बांधलेलं. आता त्याची नक्षी गळू लागली होती. दुरुस्तीला मला बोलवा, असं मालेमनी नझीहाबाईंकडून पाच महिन्यांपूर्वी कळवलं होतं. आजोबांचं ते काम त्यांनी आयुष्यात डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं.

शनिवारच्या पत्रात लिहिलं होतं: काम तुम्हालाच द्यावं असं आमच्या मनात आहे. बुधवारी दुपारी बारापर्यंत होकार कळवा. न आल्यास दुसऱ्या कारागिराला सांगावं लागेल.

हे सगळं माझ्या पोटात. आणि मी मूग गिळून बसलेलो.

सोमवारी पहिला रोजा. सकाळी मालेम दारात आले. "आलं का काही, बेटा?"

नझीहाबाईंनी दोनदा बघितलं. "मेल उघडतच नाहीये, मालेम. पण आलं असतं तर त्यांनी फोन केला असता."

"माझा फोन तरी त्यांच्याकडे कुठाय?" मालेम हसले आणि वर्गात गेले.

तिकडे सिगारेट बंद झाल्याने सी अब्देस्लाम ठिणग्या उडवत होते. "काही झालेलं नाही याला. उपास लागलाय. बंद करून चालू करा." त्यांनी माझी तार उपटली आणि परत खुपसली. मी उठलो, टपालवाल्याने खिडकी उघडली, जगाने तास मागे ओढला, खिडकी बंद. पुन्हा तार उपटली, पुन्हा तेच. सोमवारी चारदा आणि मंगळवारी सातदा. इतका तर माझ्या शेजारचा जुना पंखाही कुणी हलवला नसेल.

"घिझलानला फोन करू का?" नझीहाबाईंनी विचारलं.

"उद्या येणारच आहे की. माझी अब्रू आजच घालवायचीय का?"

मंगळवारी मालेम तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी विचारलंही नाही, नुसतं बघितलं. नझीहाबाईंनी मान हलवली. "नाही आलं, मालेम."

आलं होतं हो! माझ्यात आवाज काढणारी पिटुकली शिटी आहे. पण ती कधी वाजवायची याचे नियम आहेत, आणि मी नियमाचा गुलाम. पुढचं दार उघडं, मागची खिडकी बंद, याला माझ्या पुस्तकात बिघाड म्हणत नाहीत. त्या दोन दिवसांत मला पहिल्यांदा माझ्या पुस्तकाचा राग आला.

बुधवारी साडेदहाला घिझलान आली. पाठीवरची पिशवी खाली ठेवायच्या आत सी अब्देस्लाम म्हणाले, "तार नीट आहे. वीज नीट आहे. मी अकरा वेळा चालू केलाय."

"आणि त्याची रोजनिशी किती वेळा वाचली?"

"कसली रोजनिशी?"

घिझलानने माझ्यात जागा किती उरलीय ते पाहिलं, भरपूर होती. पासवर्ड पाहिला, तो ठीक होता. मग रोजनिशी उघडली आणि मोठ्याने वाचली: "'वेळ एकाएकी एक तास मागे गेली. यातून गोंधळ होईल, म्हणून मी काम थांबवतो.' शनिवारपासून बारा वेळा लिहिलंय बिचाऱ्याने." तिने मान वर केली. "याच्या आतल्या घड्याळाला कुणी हात लावला?"

सी अब्देस्लामना एकाएकी छताचा रंग पाहावासा वाटला.

तिने छोटं घड्याळ जागेवर आणलं. मग टपालवाल्याला ताकीद दिली: बाहेरच्या जगाकडून खरी वेळ आल्याशिवाय खिडकीला हातच लावायचा नाही. एवढंच काम. एकदा चालू केलं, खिडकी उघडली आणि चार दिवसांची एकेचाळीस पत्रं धबाधबा बाहेर पडली.

नझीहाबाईंनी एका पत्रावर बोट ठेवलं आणि किंचाळल्या, "मालेमना बोलवा!"

भिंतीवर अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मालेम धुळीने माखलेल्या हातांनी धावत आले. बाईंनी पत्र वाचून दाखवलं. मालेम खुर्चीच्या कडेवर टेकले.

"चाळीस मिनिटं आहेत अजून," सी अब्देस्लाम म्हणाले. "लिही पोरी, लिही!"

होकार लिहिला गेला. मी तो असा फेकला, की त्या क्षणी समुद्रातल्या माशांनीही मान बाजूला केली असेल. पाच मिनिटांत उत्तर आलं. नझीहाबाईंनी आधी मनात वाचलं, मग मोठ्याने.

"'आपलं पत्र साडेबाराला मिळालं. बाराला आम्ही तुमच्याकडच्याच फेस शहरातल्या एका कारागिराला शब्द दिला. क्षमा असावी.'"

"साडेबारा?" सी अब्देस्लाम भिंतीकडे धावले. "आत्ता कुठे साडेअकरा झालेत!"

घिझलानने हळूच सांगितलं, "त्यांच्याकडे रमजानला काटे मागे जात नाहीत, सी अब्देस्लाम. एरवी हिवाळ्यात त्यांची न् आपली वेळ एकच असते. आपण रविवारी मागे आलो."

मग सी अब्देस्लामनी स्टूल ओढलं आणि मालेमसमोर बसले.

"अहमीदो, मी लावलं ते घड्याळ. शनिवारी. आणि हिला फोन मीच करू दिला नाही."

"माहीत आहे रे."

"कसं?" सी अब्देस्लामनी रडवेल्या आवाजात विचारलं.

"या इमारतीत घड्याळाला दुसरा कोण हात लावतो?" मालेम जरा हसले. मग त्यांनी डोळे पुसले. गालावर पांढरी धूळ फासली गेली. "आता रडू नकोस, रोजा आहे. तुझं रडणं ऐकून मलाही सिगारेट ओढावीशी वाटते."

थोड्या वेळाने ते नझीहाबाईंकडे वळले. "त्या फेसच्या पोराला पत्र जाईल ना यातून? त्या संग्रहालयाच्या पत्त्यावर?"

"जाईल, मालेम."

"लिही. कारंज्याच्या तोटीमागे, सगळ्यात मोठ्या ताऱ्याखाली, आजोबांनी दोन बोटांची फट मोकळी ठेवलीय. तिथे चुना नाही. बघशील तर वाटेल काम अर्धवट राहिलं. बुजवू नकोस. मुरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. बुजवलीस तर दोन हिवाळ्यांत तारा सुटून येईल. आजोबांनी मला घरच्या भिंतीवर करून दाखवलं होतं." ते थांबले. "आणि लिही, तुकडे बसवताना हात थंड ठेव. झालं. माझं नाव घाल."

ते पत्र मी नेलं. इतकं जड पत्र मी आजवर वाहिलेलं नाही.

त्याला आता दोन वर्षं झाली. माझ्या छातीशी एक कागद चिकटवलाय, "हात लावू नये", खाली सी अब्देस्लामची सही. त्यानंतर वीज कितीदा गेली असेल, पण मी दर वेळी उठतो, आधी जगाला वेळ विचारतो, मग खिडकी उघडतो. एकदाही चुकलो नाही. पुढच्या महिन्यात माझ्या जागी नवा डबा येणार आहे, आणि मला भंगारात जायचं दुःख नाही.

एकच गोष्ट टोचते. मालेम अजून रोज सकाळी याच दारावरून वर्गात जातात. नझीहाबाईंना सलाम करतात, पण आत येत नाहीत. ते आता काही विचारतच नाहीत.

मालेम, मी जायच्या आत एकदा तरी दारात थांबा. एकदा विचारा. "नाही" म्हटलं गेलं, तर या वेळी पत्र खरंच आलेलं नसेल.