कोरडा ट्रिगर

मृणालीने ट्रिगर उघडला तेव्हा घरातल्यांच्या घशाखाली घास उतरेना. क्लबने भरवशावर दिलेली नेमबाजीची एअर रायफल, आणि ही पोरगी तिची आतडी काढून वर्तमानपत्रावर मांडून बसलेली! पण जुना ट्रिगर सुटायच्या आधी किंचित घसरायचा आणि त्या घसरण्यातच गेल्या वर्षी तिची राज्य स्पर्धेची निवड हुकली होती. म्हणून तिने नवी स्प्रिंग मागवली, आणि तिला अडवून धरणारी नखाएवढी खिट्टी. दोन्ही बसवल्यावर ट्रिगर असा स्वच्छ सुटला की तिला हसूच फुटलं. यंदा हुकायचं नाही, हे तिने ठरवूनच टाकलं.

निवडीच्या दिवशी ठाण्याच्या रेंजवर तिने सरावाचे पहिले छर्रे सोडले. ट्रिगर चिकट लागत होता. बोट मागे यायचं, छर्रा मात्र आपल्या सवडीने निघायचा. तिने हात वर केला. पंचांनी दुरुस्तीला थोडा वेळ दिला. ट्रिगर उघडताच ओळखीचा वास आला. लूमचं तेल! त्यात कापसाचे तंतू अडकून नव्या खिट्टीवर लगदा बसला होता.

तिने मागे पाहिलं. काचेपलीकडे तिचा बाप केसरीनाथ उभा होता. भिवंडीत त्याचे कापड विणायचे लूम. उठल्यावर आधी लूमला तेल, मग स्वतःला चहा. सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हाच त्याने हा पराक्रम केला असणार. तिला इतका राग आला की डोळे भरून आले.

“तेल कोणी घातलं?” तिच्या क्लबचे प्रशिक्षक खेकसले.

“माझीच चूक, सर.”

रडायला वेळ नव्हता. तिने रुमालाने खिट्टी पुसली, काडीने खाच कोरली, स्प्रिंग कोरडी केली. एक भागही चुकीच्या जागी गेला नाही. स्पर्धेतले पहिले नेम रागात गेले आणि वाईट गेले. मग तिने राग गिळला आणि प्रत्येक छर्रा जणू तोच एक उरलाय असा सोडला. निवडलेल्यांत ती शेवटची होती. पण होती.

काचेपलीकडून सगळं पाहिलेला केसरीनाथ मान खाली घालून प्रशिक्षकांसमोर आला.

“सर, तिची चूक न्हाय. तेल मीनी घातला. नवा लोखंड, सुका कसा ठेवाचा?” मग तो तिच्याकडे वळला. “यापुढं तुझ्या वस्तूला हात लावनार न्हाय, शपथ.”

मृणालीचा राग अजून गेला नव्हता. तरी तिने रायफलची पेटी त्याच्याच हातात दिली.

“शपथ नको. उद्या माझ्या बाजूला बस, सगला उघडून दाखवते. राज्याला तूच माझ्यासंगती येनार हायस. तिथं बिघडला तर दोघांना दुरुस्ती यायला पायजे.”

त्याने पेटी छातीशी धरली.

“मना जमंल?”

“जमवाचा,” ती म्हणाली.