पहाऱ्याच्या चौकीतल्या खाचा

सकाळपासून म्हाताऱ्याच्या पायाला भिंगरी लागली होती. दारात जा, आत ये, चष्मा काढ, पूस, पुन्हा लाव. सून सीमेजवळच्या अभयारण्यात गाइड होती. गणवेशाची बटणं लावता लावता ती म्हणाली, "बाबा, एका जागी बसा ना. मला बघूनच चक्कर येतेय."

"आज मी येतो तुझ्याबरोबर."

"इतकी वर्षं चला चला म्हटलं तेव्हा नाक मुरडलंत. आज नेमकी खात्याची मॅडम यायचीय, तेव्हाच बरं सुचलं."

मॅडम यायची होती म्हणूनच तर सुचलं होतं. पण हे म्हातारा कशाला सांगतोय. पुरातत्त्व खात्याची ती मॅडम नदीकाठची पहाऱ्याची चौकी तपासणार होती. चौकी खरंच जुनी ठरली तर राहणार, नाहीतर ती पाडून तिथे गाड्या वळवायला जागा करणार. आणि ती चौकी म्हणजे चौकी नव्हतीच मुळी. ते म्हाताऱ्याचं घर होतं. त्याच्या बापाने टेकडीवरच्या पडक्या किल्ल्याचे दगड ओढून आणून बांधलेलं. नदीपलीकडे दुसरा देश. आधी सीमेवर कुंपण आलं, मग अभयारण्य झालं, गाव उठलं, सगळी घरं जमीनदोस्त झाली. हे एवढंच वाचलं, कारण कुणा साहेबाला भिंतीतले नक्षीचे दगड दिसले आणि त्याने घाईघाईने 'पहाऱ्याची चौकी' अशी पाटी ठोकली. तेव्हापासून म्हाताऱ्याने तोंडाला कुलूप घातलं ते घातलंच. बायकोला सांगितलं नाही, मुलाला नाही, सुनेला तर नाहीच नाही. सून रोज पर्यटकांना तिथल्या शूर पहारेकऱ्यांच्या गोष्टी रंगवून सांगायची, घरी आली की नातीलाही सांगायची, आणि हा भिंतीकडे तोंड करून हसू दाबायचा.

निघताना त्याचा हात सवयीने स्वयंपाकघराच्या चौकटीवरून फिरला. तिथे नातवंडांच्या उंचीच्या खाचा होत्या. नातवाची नुसती आडवी खाच, नातीच्या खाचेखाली एक टिंब. त्याच्या बापाची तीच रीत होती. कोऱ्या चौकटीवर पटाशी चालवली म्हणून सून तेव्हा कित्येक दिवस धड बोलली नव्हती.

जीपमध्ये तो मागे बसला आणि गुडघा हलवत राहिला. हरणं दिसली. पाणथळीतले बगळे उडाले. मॅडमने भराभर फोटो काढले. ह्याला काय त्याचं? मग किल्ला आला. मॅडम एकेका बुरुजापाशी अशी रेंगाळली, की म्हाताऱ्याला वाटलं, बाई गं, संपव एकदाचं. मान तरी उतरव नाहीतर सोडून तरी दे.

चौकीपाशी जीप थांबली. सून मागे वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही खाली पाय टेकवायचा नाही. इथे खात्याच्या माणसांशिवाय कुणाला परवानगी नाही. सीमेवरचे जवान दुर्बिणीतून बघत असतात, माझ्या नोकरीवर गदा येईल."

"नाही टेकवत," म्हातारा म्हणाला. मग ड्रायव्हरला म्हणाला, "ते इंजिन बंद कर रे, काही ऐकू येत नाही."

स्वतःच्या दारात येऊन परक्यासारखं बसून राहायचं, याचा त्याला इतका राग आला की त्याने समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला.

मॅडमने नक्षीचे दगड पाहिले, मान डोलावली. म्हाताऱ्याच्या जिवात जीव आला. पण ती दाराकडे वळली. दाराच्या दगडी चौकटीवर वेल माजला होता. गाव सोडताना म्हाताऱ्यानेच तो लावलेला, मुद्दाम. मॅडमने एक फांदी धरली आणि सरळ खाली ओढली.

"या कसल्या खाचा? दोन रांगा आहेत." ती खाली वाकली. "पोरांची उंची मोजतात ना, तशा वाटतात. म्हणजे हे कुणाचं तरी राहतं घर असणार. मग हे काही जुनं नाही."

सून जवळ गेली. तिने एका खाचेवर बोट फिरवलं. मग खालच्या टिंबावर. बोट तिथेच थांबलं. तिने वळून जीपकडे पाहिलं, आणि म्हाताऱ्याने नदीकडे मान फिरवली. आता संपलं, त्याला वाटलं.

"नाही हो मॅडम," सून म्हणाली. आवाज तिचा रोजचाच होता. "पहारेकरी इथे भाल्यांना धार लावायचे. बसून लावायचे, म्हणून खाचा खाली आहेत."

"आणि ही टिंबं?"

"टोकं घासायचे त्यात."

मॅडमने तिच्याकडे बघितलं. मग जीपमध्ये दांडा धरून बसलेल्या म्हाताऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "बसून लावायचे होय," ती म्हणाली. "बरं. राहू दे मग चौकी. तसं कळवते मी."

परतताना सून पुढे न बसता मागे त्याच्या शेजारी येऊन बसली. मग ती हळूच म्हणाली, "बाबा, टिंबांची रांग कुणाची?"

"ताईची."

"तुम्हाला बहीण आहे?"

"आत्याकडे चार दिवस राहायला म्हणून पलीकडे गेली, आणि मागे कुंपण पडलं. वाट बंद झाली. माझ्याहून चार बोटं उंच होती. जाताना दम देऊन गेली, मी येईपर्यंत नवी खाच पाडायची नाही, चोरून वाढलास तर बघ." त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मी नाही पाडली. उद्या आलीच कधी, तर तिला घर ओळखू यायला नको?"

सुनेने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा अजून हलतच होता.

"उद्या मी तो वेल परत वर बांधते," ती म्हणाली.

"बांध," म्हातारा म्हणाला. "टिंबांच्या रांगेतली सगळ्यात वरची खाच तेवढी उघडी ठेव."