त्रेसष्ट आकडे

“आता मी जे सांगणार आहे ते शपथेवर सांगितलं तरी कोणाला खरं वाटायचं नाही,” असं म्हणत खिळेमामांनी आपला चहाचा कप धाकट्या मालकांसमोरच्या पत्रावर, नेमका सहीच्या जागी ठेवला.

या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्यात मामांची उमेदीची वर्षं सरली. पुढे खिळे भंगारात गेले, कॉम्प्युटर आले, नाव तेवढं चिकटून राहिलं. उलट्या अक्षरांवर ज्याची नजर घडली त्याच्यापासून टेबलापलीकडचं पत्र लपत नाही. प्रूफं तपासणाऱ्या बाईंनी पुढच्या एक तारखेपासून येऊ नये, असं त्यात होतं. शुद्धलेखन आता सॉफ्टवेअरच तपासतं, हे कारण. ज्यांच्याविषयी हे लिहिलं होतं त्या बाई प्लायवुडच्या आडोशापलीकडे पेन्सिलीला टोक करत होत्या.

“मामा, कप उचला. डाग पडेल.”

“उचलतो. आधी ऐका तर. तुम्ही तेव्हा शिकायला बाहेर होतात.”

“झालं! मामांनी पतंग सोडला,” दाराशी पुठ्ठे कापणारा बाइंडर म्हणाला. “आता जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली येत नाही.”

“तू पुठ्ठे काप, बाबा. बोटं सांभाळून.” मामांनी खुर्ची पुढे ओढली. “तर, आपण नर्सांसाठी औषधांच्या मात्रांचं पुस्तक छापत होतो. थोरल्या मालकांनी नवं सॉफ्टवेअर आणलेलं. तीस दिवस तसंच वापरा, मग खोक्यावर छापलेला किल्लीचा नंबर टाकून कायमचं चालू करून घ्या, असा करार. रोज सकाळी पडद्यावर पाटी यायची, इतके दिवस उरले. रोज सकाळी मी ‘नंतर’वर टिचकी मारायचो. दाताचा डॉक्टर सोडला तर इतकं मी कोणाला टाळलेलं नाही.”

“आणि एकतिसाव्या दिवशी?”

“एकतिसाव्या दिवशी सगळी बटणं राखाडी. पान दिसतंय, पण अक्षर हलेल तर शपथ. सोनाराच्या काचेतला हार जणू, बघा आणि घरी जा. आणि नेमकं त्याच दिवशी बाईंना चूक सापडली. लहान मुलांच्या तक्त्यात एक शून्य जास्त. म्हणजे एका लेकराच्या तोंडात दहा लेकरांचं औषध! चार वाजता प्लेट बनणार. एकदा बनली की हजारो प्रती.”

धाकट्या मालकांनी कपाकडे नेलेला हात मागे घेतला.

“मग किल्ली टाकायची ना.”

“टाकली! तर म्हणे इंटरनेट लावा. ते सकाळपासून आजारी. मग म्हणे फोन करा. पडद्यावर त्रेसष्ट आकडे उमटले. ते फोनवर वाचून दाखवायचे, पलीकडून अठ्ठेचाळीस आकडे मिळतील ते इथे भरायचे. आता कॉम्प्युटर वर आणि फोन खाली काउंटरवर.”

“मोबाइल नव्हते का तेव्हा?”

“होते की. पण भिंती तुमच्या आजोबांनी बांधलेल्या. इथून शिंकसुद्धा परवानगी घेऊन बाहेर पडते.”

बाइंडर खिदळला. मामांना चेव आला.

“थोरले मालक डोकं धरून बसलेले. बाईंनी पडद्याकडे पाहिलं. एकदाच! चष्मा पुसला, बावीस पायऱ्या उतरल्या, फोन उचलला आणि त्रेसष्ट आकडे धडाधड म्हणून दाखवले, कागदाचा कपटा हातात नसताना. पलीकडे यंत्रातली बाई होती, तिला धाप लागली. म्हणाली, जरा दमानं घ्या.”

“यंत्र?”

“यंत्रच. मग तिने अठ्ठेचाळीस आकडे सांगितले. बाई म्हणाल्या, सहावा गट पुन्हा वाचा, तुम्ही चुकलात. वाचला, तर खरंच चूक. यंत्राने माफी मागितली, मालक.”

“माफी मागितली!”

“लेखी देणार होतं, बाईच नको म्हणाल्या.”

धाकटे मालक मोठ्यानं हसले. वडिलांच्या खुर्चीत बसल्यापासून त्यांना असं हसताना मामांनी पाहिलं नव्हतं. आडोशापलीकडची पेन्सिल थांबली होती. ते लक्षात येऊन मामांनी आवाज आणखी चढवला. खरं काय घडलं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या लेखी ते या गोष्टीहून काकणभर सरसच होतं. पण खऱ्याला ना शेपूट ना शिंगं. तसल्या खऱ्यावर कोणाची नोकरी टिकलेली त्यांनी पाहिली नव्हती.

“एक सांगा,” धाकटे मालक डोळे पुसत म्हणाले. “ते जास्तीचं शून्य. ते बाईंना कधी दिसलं? कारण विकणारा म्हणतो, आमचं सॉफ्टवेअर पहिल्याच फेरीत सगळं पकडतं.”

मामांनी घसा साफ केला.

“पहिल्याच वाचनात. बाईंच्या हातून पहिल्या वाचनात आजतागायत काही निसटलेलं नाही.”

 धाकट्या मालकांनी कप उचलून मामांच्या हातात दिला, पत्राची घडी घातली आणि टेबलाचा खालचा खण उघडला. मामांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला.

आडोशाला वळसा घालून बाई आल्या. चष्मा कपाळावर, हातात अर्धवट तपासलेलं प्रूफ.

“आकडे पाठ वगैरे नव्हते,” त्या म्हणाल्या. “कागदावर लिहून नेले होते. प्रूफ वाचायची सवय, मधल्या आडव्या रेघाही मी मोठ्यानं वाचत होते. दोनदा फोन तुटला. तिसऱ्यांदा मामा शेजारी उभे राहिले, एकेका आकड्यावर बोट ठेवून, तेव्हा जमलं.”

मालकांच्या पाठीमागून मामांनी दोन्ही हातांनी खूण केली, जा, आत जा. वाकड्या लागलेल्या ओळीकडे पाहावं तसं बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

“ते असू दे. गोष्टीत तेवढं चालतं. माफीचंही चालेल.” त्यांनी चष्मा खाली ओढला. “पण त्या दिवशी अर्धी रजा टाकून मी घरी निघाले होते, मालक. बसमध्ये बसल्यावर तो आकडा टोचायला लागला, म्हणून मधल्याच थांब्यावर उतरून चालत परत आले. पान तोवर पास झालं होतं, खाली सही माझीच. पहिल्या वाचनात ते शून्य मला दिसलंच नव्हतं. मामा खोटं सांगताहेत.”