बनुबाईच्या धाब्यावरची बरणी

मित्रांनो, या रंगनाथाला काही रीत म्हणून नाही. ज्या बरणीला तो एके काळी दुसऱ्याचं बोट लागू देत नव्हता, तिच्यात आता पेन्सिली उभ्या करतो. त्याही बोथट. टोक केलं की भुगा माझ्यातच, आणि कुणी विचारलं तर म्हणतो, जुनी आहे, असू द्या.

जुनी आहे, ते खरं. मी एक जुनी काचेची बरणी आहे, रुंद तोंडाची, जाड बुडाची. पण लोणच्याच्या बरण्यांशी माझं नातं लावू नका, मला ते खपत नाही. मी पाऊस धरणारी बरणी आहे.

भट्टीतला जन्म मला आठवत नाही. आपला जन्म आठवतो कुणाला? आठवतं ते पुण्याच्या प्रयोगशाळेतलं न्हाणं. रंगनाथ तिथे संशोधनाला नवा लागला होता. पाण्याची वाफ करून, ती थंड करून मिळालेलं निर्मळ पाणी घेऊन तो मला विसळायचा, उजेडात धरायचा, परत विसळायचा. राजाच्या सुनेला इतकं कुणी न्हाऊ घातलं नसेल.

त्याचं काम मला अर्धंमुर्धंच कळतं. अक्षराशी माझी ओळख नाही. पण ऐकून ऐकून एवढं समजलं, की पाऊस म्हणजे नुसतं पाणी नव्हे. तो खाली येताना हवेत असेल ते घेऊन येतो: समुद्राचं मीठ, रानातल्या मातीचा चुना, गिरण्यांच्या धुरातलं गंधक. ते किती, हे रंगनाथ काढायचा. मग हवेत धूळ वाढली तर ऊन अडतं की हवा आणखी तापते, ढग धरतात की पांगतात, याचं गणित मांडायचा. ते माणसाच्या हाताने सुटण्यासारखं नव्हतं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांचे गठ्ठे घेऊन तो मुंबईला एका मोठ्या गणकयंत्राकडे जायचा.

जवळपास कारखाना नको, म्हणून त्याने मला स्वतःच्या गावी नेलं. पारनेरच्या अलीकडे माळावर त्यांचं धाब्याचं घर, वर मातीचं सपाट छत. घरात आई, बनुबाई, एकटी. नवरा मागेच वारलेला, शेत वाट्याने दिलेलं. रंगनाथने छतावर तिवई ठोकून मला तिच्यावर बसवलं आणि खाली उतरून आईला हुकूम सोडले. वर मिरच्या वाळत घालायच्या नाहीत. कुरडया घालायच्या नाहीत. बरणीला हात लावायचा नाही.

"आन् पाखरू बसलं तर?" बनुबाईने विचारलं.

"हाकलायचं."

"म्हंजे मी आता तुज्या बरनीची राखन करू."

"व्हय, आये."

आणि तिने केली. उन्हाळ्यात कुरडया वाळवायला ती शेजारच्या कलाबाईच्या अंगणात गेली आणि तिचे टोमणे ऐकून आली. लोकांची पोरं आईला लुगडं आणतात, हिच्या पोरानं बरणी आणली म्हणे. बनुबाई गप्प बसणारी नव्हती. तिने ऐकवलं, की लुगडं देणारी पोरं फिरून तोंड दाखवत नाहीत, माझा पोरगा बरणी भरली की येतो.

तिचं खरं होतं. पाऊस झाला की रंगनाथ यायचा. माझ्यातलं पाणी बाटलीत काढून घ्यायचा, मला धुऊन परत बसवायचा, आईच्या हातची भाकरी खाऊन मुक्काम करायचा. मी भरले नाही तर तो येत नसे. हे मला माहीत होतं, आणि बनुबाईलाही. म्हणून ढग आले की आम्ही दोघी वर बघायचो.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. पाऊस धरणाऱ्या बरणीने पाऊसच नसला तर करावं काय? माझ्या बुडाशी तांबूस धूळ साठत गेली. रंगनाथ येईना. कलाबाईही घराला कुलूप लावून लेकीकडे घोडेगावला गेली. टोमणे मारायलासुद्धा माळावर माणूस राहिलं नाही. दिवस मावळायला लागला की बनुबाई शिडी चढून यायची आणि हात लावायचा नाही म्हणून माझ्यापासून लांब बसायची.

"काय गं बये, आज बी न्हाई?" एवढंच विचारायची. मी काय सांगणार?

एक दिवस गावचा गहिनीनाथ आला. तो पुण्यात हमाली करायचा आणि दुसऱ्या दिवशी परत निघणार होता. रंगनाथने निरोप दिला होता, की बरणी झाकण लावून पाठव. माझ्या बुडाची ती धूळच त्याला हवी होती, पण एवढं सांगणं गहिनीनाथच्या लक्षात राहिलं नाही. तो म्हणाला, बरणी पाठव.

आमच्याकडे भांडं कधी रिकामं परत जात नाही. शेजारणीची वाटी असली तरी चिमूटभर साखर टाकून देतात. इथे तर बरणी लेकाकडे निघाली होती, त्याच्या कचेरीत.

गहिनीनाथ म्हणाला, मावशी, असू दे तशीच. बनुबाईने त्याला झटकलं.

"त्याचा सायेब काय म्हनंल? हितं पाऊसच न्हाई तर बरनी कशाला ठिवायची, असंच म्हनंल. मंग रंगा कशाला यील हिकडं?"

विहिरीचा तळ उघडा पडला होता. तळाशी खणलेल्या झिऱ्यावर बाया पाळीने बसायच्या आणि वाटीवाटीने घागर भरायच्या. त्या घागरीतलं पाणी बनुबाईने लुगड्याच्या पदरातून गाळलं आणि माझ्यात ओतलं, गळ्यापर्यंत. मी ओरडले. पण बरणीचं ओरडणं कोण ऐकतं?

पुण्याला रंगनाथने ते पाणी तपासलं आणि त्याचे डोळे चमकले. इतकं मीठ, इतका चुना त्याने पावसात कधी पाहिला नव्हता. कुठून तरी एखादी सर आली असेल आणि दुष्काळातल्या आभाळाची सगळी धूळ धुऊन खाली आणली असेल, असं त्याने धरलं. ते आकडे त्याने गणितात घातले आणि मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या बैठकीत निबंध वाचला. तिथे एका म्हाताऱ्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, हा पाऊस कोणत्या तारखेचा? पारनेरच्या सरकारी पर्जन्यमापकात तर त्या महिन्यात थेंब नाही.

मला मांडीवर घेऊन रंगनाथ यष्टीने गावी आला.

"कुनी घातलं ह्यात पानी?"

"मी," बनुबाई म्हणाली. लाजली नाही. मानाचं काम केल्यासारखं सांगितलं.

"हात लावू नको म्हनलं हुतं, आये."

"हात न्हाई लावला. वरनं वतलं."

मग तो बोलत सुटला. आता या छतावरच्या कुठल्याच पाण्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. आधीचे पावसाळेही वाया गेले. लोक हसले. तो वर गेला, तिवई उपटली आणि मला धडप्यात बांधलं. तिने भाकरीचं विचारलं, तर म्हणाला, गाडी चुकेल.

"मंग आता कवा येशील?"

"बघू."

मित्रांनो, तेव्हापासून मी पुण्यात रंगनाथच्या या टेबलावर आहे. एका सरकारी आवारात कुंपणाच्या आत आता दुसरी बरणी पाऊस धरते. रंगनाथचं गणित पुढे सुटलं, त्याला शाबासकीही मिळाली. गावी तो गेलेला नाही. भुगा पोटात घेऊन मी बसते, आणि संध्याकाळ झाली की त्या शिडीवर कुणी चढत असेल का, हे मनात येतं. तुम्ही भांडी जपा, पण ती भरून देणाऱ्या माणसाला आधी जपा.

हा बघा, आलाच पेन्सिल घ्यायला. तोंडावरच सांगते त्याला.

"रंगनाथ, त्या पाण्यात मीठ किती आणि चुना किती, सगळं तू काढलंस. ते पाणी तिच्या प्यायच्या घागरीतलं होतं. मग त्या दिवशी ती काय प्यायली, हे तू विचारलं नाहीस. शास्त्रज्ञ तू मोठा असशील, पोरगा म्हणून अजून कच्चा आहेस. ऊठ, आणि पारनेरची गाडी धर."